कमावत्या गे मित्रांना खुलं पत्र: खर्च कोणाच्या नावावर पडतो?

प्रिय मित्रांनो,

मी पुण्यात कर सल्लागार आहे आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांची आयकराची कामं माझ्याकडे असतात. आधी एक-दोघे ओळखीतून आले, मग 'तिथे नको त्या चौकश्या करत नाहीत' एवढी एक गोष्ट पसरली आणि गर्दी वाढली. घाबरू नका, या पत्रात कोणाचंही नाव, गाव, कंपनी नाही. जिथे प्रसंग सांगितलेत तिथे ओळख पटू नये इतके बदल केलेत. पण बँकेची स्टेटमेंट वाचणं हा माझा धंदा आहे, आणि स्टेटमेंट वाचता वाचता माणूसही वाचला जातो, त्याला माझा इलाज नाही.

सरसकट सगळ्या गे पुरुषांना मी हे लिहीत नाहीये. ज्यांच्या हाती पैसा आलाय त्यांना लिहितोय. बाणेर-बालेवाडीत नाहीतर ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट, हप्ते निम्म्याहून जास्त फिटलेले, बरा आरोग्यविमा, वर्षाकाठी एक थायलंडची वारी. थायलंड सोडलं तर त्यात मीही आलो. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास सोडवला तेव्हा आपल्यासारख्यांचं आयुष्य एका दिवसात सोपं झालं, कारण बाकी सगळं आपल्याकडे आधीपासून होतं: दार लावून घेता येईल अशी खोली, खासगी डॉक्टर, ओळखीतला वकील. राहिली होती ती भीती, ती गेली. बीडहून किंवा नंदुरबारहून येऊन हडपसरला कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाची भीती गेली असेल, पण खोली, डॉक्टर आणि वकील अजून यायचेत. त्याच्याशी तुमची गाठ रोज डेटिंग अ‍ॅपवर पडते.

दोन पुरुष भेटतात तेव्हा काही ना काही खर्च होतो. काही रुपयांत होतो, काही आजाराच्या जोखमीत, काही बदनामीच्या भीतीत. हा खर्च शेवटी कोणाच्या नावावर पडतो, हे मी बरीच वर्षं बघतोय. बहुतेक वेळा तो ज्याच्याकडे कमी आहे त्याच्या नावावर पडतो, आणि ज्याच्याकडे जास्त आहे त्याला तो पडला हे कळतही नाही.

सगळ्यात किरकोळ खर्चापासून सुरुवात करतो. तुमच्याकडे 'प्लेस', म्हणजे भेटायला जागा आहे, म्हणून तो येतो. रात्री साडेबाराला तुम्हाला आठवतं की सकाळी लवकर मीटिंग आहे. पीएमपीच्या बस बंद झालेल्या असतात. रिक्षावाला सांगेल ती रक्कम देऊन तो घरी जातो, आणि ती रक्कम म्हणजे त्याच्या दिवसभराच्या डिलिव्हरीच्या कमाईचा मोठा तुकडा असतो. गाडीभाड्याचा विषय काढला की तुमच्यातले काही ताठ होतात: "मी पेड करत नाही." अहो, घरी आलेल्या माणसाच्या जाण्याची सोय बघणं म्हणजे पेड करणं नव्हे. तुमची मावशी तुमच्याकडे आली तर तिला तुम्ही कॅब करून देता आणि पोचल्यावर फोन कर म्हणता. याला निदान ब्लॉक करण्याआधी पोचू द्या.

आता जिथे खरंच पैसे ठरतात तिथे येऊ. आपण त्याबद्दल बोलत नाही, पण स्टेटमेंटमध्ये ते असतं. एका क्लायंटबरोबर एक तरुण आला होता, त्याला पॅन कार्ड काढायचं होतं. मसाज करतो. फॉर्म भरता भरता गप्पांत त्याने दर सांगितला: हजार. कंडोम नको असेल तर पंधराशे. मी म्हटलं, तू हो म्हणतोस? तो म्हणाला, "खोलीचं भाडं पाच तारखेला असतं. महिन्याच्या पहिल्या चार दिवसांत म्हणतो. नंतर नाही म्हणतो."

हे वाक्य मी कितीतरी दिवस घेऊन फिरतोय. जास्तीचे पाचशे देणारा माणूस बहुधा प्रेपवर असतो, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी नियमाने घेतो. त्याने स्वतःचा बंदोबस्त केलेला आहे. मग तो पाचशे रुपयांत काय विकत घेतो? समोरच्याची जोखीम, आणि तीही त्याच्या घरभाड्याची तारीख गाठून. दोन सज्ञान माणसांचा राजीखुशीचा व्यवहार आहे, तुम्हाला काय करायचंय, असं मला एकाने सुनावलं होतं. राजीखुशीच असती तर ती महिन्याच्या वीस तारखेलाही दिसली असती.

आणि ठरलेले पैसे तरी पूर्ण द्या. काम झाल्यावर हजाराचे सातशे करणारे, 'नेट चालत नाही, उद्या टाकतो' म्हणणारे आणि मग नंबर बदलणारे आपल्यातच आहेत. तो पोलिसात जाणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. दुकानदाराशी असं वागायची त्यांची छाती होणार नाही.

प्रेपचा हिशेबही मांडून टाकतो, म्हणजे परवडत नाही ही सबब तरी उरणार नाही. महिन्याच्या गोळ्या साधारण दीड-दोन हजारांना पडतात, कंपनीप्रमाणे कमीजास्त. रोज घ्यायची नसेल तर पुरुषांसाठी दोन-एक-एक अशी पद्धत आहे: संबंधाच्या दोन ते चोवीस तास आधी दोन गोळ्या, त्या पहिल्या दोन गोळ्यांनंतर चोवीस तासांनी एक आणि अठ्ठेचाळीस तासांनी एक. एकदाच भेट झाली तर चार गोळ्या, म्हणजे अडीचशेच्या आसपास. कोरेगाव पार्कात एका कॉकटेलला याहून जास्त जातात. सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि किडनीसाठी क्रिएटिनिन तपासून घ्यायला हवं. हेपटायटिस बी असेल तर ही गोळी मनाने चालू-बंद करायची नाही. सरकारी केंद्रात निरोध सर्रास फुकट मिळतं, तशी ही गोळी मिळत नाही. म्हणजे सध्या तरी ती ज्याला परवडते त्याचीच आहे. तेव्हा एखाद्याला तुम्ही नेहमी भेटत असाल आणि त्याला परवडत नसेल, तर तुमच्याबरोबर त्याच्याही गोळ्या मागवा. उपकार म्हणून नको. तुम्ही दोघं मिळून एक गोष्ट करता, तिचा खर्च दोघांच्या ऐपतीप्रमाणे वाटून घेता, इतकंच. आणि गोळी असली तरी कंडोम लागतंच, कारण प्रेप फक्त एचआयव्ही अडवते. सिफिलिस आणि गनोरियाला तिच्याशी काही देणंघेणं नाही.

आता तपासणी. "क्लीन आहेस ना?" या प्रश्नाला आजवर कोणी "नाही" असं उत्तर दिलंय का? विचारणाऱ्याला माहिती नको असते, सांगितलं होतं असं म्हणायची सोय हवी असते. समोरच्याने खरोखर कालचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवला तरी त्यातून गेल्या आठवड्याचं काही कळत नाही. साध्या अँटिबॉडी चाचणीत लागण दिसायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यापेक्षा शेवटची तपासणी कधी केली आणि कशाकशाची केली, हे विचारा, आणि आधी स्वतःची तारीख सांगा.

तुम्ही लॅबचा माणूस घरी बोलावता, काही हजारांचं पॅकेज घेता आणि रिपोर्ट मोबाइलवर येतो. तुम्ही ज्याला भेटता त्या मुलासाठी ससूनचं सरकारी रुग्णालय आहे. मुंबईत केईएम, जेजे, सायन आहे. तिथली एचआयव्ही चाचणी फुकट आणि गोपनीय असते, समुपदेशक बोलतो, गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, आणि कुठे जायचं हे १०९७ या क्रमांकावर फुकट कळतं. व्यवस्था आहे, ती वाईट नाही, आणि तिला नावं ठेवणारे बहुतेक जण कधी तिथे गेलेलेच नसतात. पण ओपीडी सकाळची असते. रोजावर काम करणाऱ्याचा अर्धा दिवस जातो, आणि फुकट तपासणीची ही किंमत कुठल्याच फलकावर लिहिलेली नसते. एकदा त्याच्याबरोबर रजा टाकून जा. जमत नसेल तर तुमच्या पॅकेजवाल्याला दोन माणसांचं रक्त घ्यायला सांगा.

सिफिलिसवर जरा थांबतो, कारण गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीत तो फारच ऐकू येतो. सुरुवातीला एखादा फोड येतो, दुखत नाही, आपोआप बरा होतो. मग काही आठवड्यांनी तळहातांवर, तळपायांवर लालसर चट्टे उठतात, तेही जातात. माणसाला वाटतं, गेलं. गेलेलं नसतं, ते आत जाऊन बसतं आणि वर्षांनी मेंदूपर्यंत, डोळ्यांपर्यंत पोचू शकतं. आणि हे सगळं लवकर कळलं तर पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने बरं होतं. चोवीस लाख युनिट, दोन कुल्ल्यांत अर्धं अर्धं, दोन दिवस बसताना त्रास. औषध जुनं आणि स्वस्त. एवढ्या स्वस्त आजाराची एकच महाग गोष्ट आहे, ती म्हणजे ज्यांच्याबरोबर गेल्या काही महिन्यांत झोपलो त्यांना कळवणं. ती आपण टाळतो.

माझ्या ओळखीतला एक जण, पन्नाशीचा, कडक स्वभावाचा, बँकेतून निवृत्त झालेला. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी त्याने यादी काढली आणि सगळ्यांना एकच मेसेज पाठवला. त्याच्या परवानगीने इथे देतो (व्हीडीआरएल म्हणजे सिफिलिसची रक्तचाचणी): "माझी व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली आहे. आपण जूनमध्ये भेटलो होतो. तू तपासून घे. खर्चाची अडचण असेल तर सांग. कोणाकडून आलं यात मला रस नाही." पाठवलेल्यांपैकी काहींनी त्याला शिव्या दिल्या. दोघांची तपासणी पॉझिटिव्ह निघाली आणि त्यांनी उपचार घेतले. शेवटच्या दोन वाक्यांसाठी मी या माणसाला मानतो. हा मेसेज उचला आणि जसाच्या तसा वापरा, त्यावर कोणाचा हक्क नाही.

आता तुमच्यातल्या लग्न झालेल्यांसाठी. पालकांनी जबरदस्ती केली, घराण्याचा प्रश्न होता, आईने जेवण सोडलं होतं, हे सगळं मला माहीत आहे आणि त्यातलं बरंचसं खरं आहे. पण या खर्चाच्या यादीत एक बाई आहे आणि तिला ती यादीत आहे हेच माहीत नाही. सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी नेमाने होते. म्हणजे तुम्ही जे कोणाला सांगितलं नाही, ते तिला पाचव्या महिन्यात, स्टुलावर बसलेली असताना, एखाद्या नर्सकडून कळू शकतं, आणि पहिला संशय तिच्यावरच घेतला जाईल. तिला स्वतःबद्दल सांगायचं की नाही, हा तुमचा प्रश्न आहे. त्यावर मी तुम्हाला फारसं दूषण देणार नाही. तिला कंडोमशिवाय जवळ घेऊन स्वतः तपासणीही न करणं, हा तुमचा खासगी प्रश्न राहत नाही. तिच्या नावावर न सांगता कर्ज काढलंत तर तुम्ही त्याला फसवणूक म्हणाल की नाही?

एचआयव्हीबद्दल आपल्या सुशिक्षित मंडळींमध्ये जे अज्ञान आहे ते पाहून कधी कधी थक्क व्हायला होतं. नॅको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत एचआयव्हीचं प्रमाण तीन टक्क्यांच्या थोडं वर होतं. देशातल्या एकूण प्रौढांत ते ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे ज्यांना तुम्ही भेटता त्यांच्यात पॉझिटिव्ह लोक आहेत, ते तुमचे मित्र आहेत, आणि बऱ्याच जणांनी तुम्हाला सांगितलेलं नाही. सरकार २००४ पासून एआरटी, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधं, फुकट देतं. २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार सुरू करण्याचं धोरण आहे. गोळ्या नियमित घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू मोजता येण्याच्या खाली गेलाय, त्याच्याकडून संबंधातून लागण होत नाही. ही कोणाच्या समाधानासाठी केलेली बतावणी नाही. युरोपातला पार्टनर नावाचा अभ्यास २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला: ७८२ गे जोडपी, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह, कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध, आणि जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. तेव्हा नियमाने औषध घेणारा, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) सांगणारा पॉझिटिव्ह माणूस हा "मी एकदम क्लीन" म्हणणाऱ्या, तीन वर्षांत तपासणी न केलेल्या माणसापेक्षा केव्हाही कमी धोक्याचा. आपण मात्र पहिल्याला टाळतो आणि दुसऱ्याला घरी बोलावतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर जे गट चालतात, "याच्यापासून सावध, पॉझिटिव्ह आहे" म्हणून फोटो फिरवणारे, त्यांचं तर काय सांगावं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. विश्वासात सांगितलेली एचआयव्हीची माहिती त्या माणसाच्या संमतीविना फोडायला त्यात मनाई आहे, आणि नोकरी, उपचार, भाड्याचं घर या बाबतीत भेदभावालाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या संस्थेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तुमच्यापैकी अनेक जण मोठ्या कंपन्यांत मनुष्यबळ विभागात आहेत. जूनमध्ये प्राइड महिन्यासाठी कंपनीचा लोगो सप्तरंगी करता, तेव्हा या अधिकाऱ्याचं नाव नोटीस बोर्डावर आहे का तेही एकदा बघा.

खंडणीबद्दल. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत ही बातमी इतक्यांदा आली आहे की तपशील पाठ झालेत: अ‍ॅपवर ओळख, आडबाजूची जागा, मागून आत शिरलेले आणखी तिघे, मोबाइलवर व्हिडिओ. माझ्यासमोर ती वेगळ्या रूपात येते. रात्री पावणेदोनच्या सुमाराला, काही मिनिटांत, एकाच अनोळखी नावावर ओळीने चार एंट्र्या. मी विचारतो, हे काय? क्लायंट खिडकीबाहेर बघत म्हणतो, "मित्राला मदत." मी पुढे विचारत नाही, पण पाण्याचा ग्लास सरकवतो.

एक जुनी गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. १८६० च्या दंड संहितेत, कलम ३८८ मध्ये अशी तरतूद होती की ३७७ च्या आरोपाची धमकी देऊन खंडणी उकळली तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. ज्यांनी ३७७ लिहिलं, त्यांनाच पहिल्या दिवसापासून माहीत होतं की या कलमाचा धंदा होणार. आता ते कलम नाही, धंदा मात्र चालू आहे, कारण तो कायद्यापेक्षा घरच्यांना कळण्याच्या भीतीवर जास्त चालतो. भारतीय न्याय संहितेत खंडणीचं कलम ३०८ आहे, सात वर्षांपर्यंत कैद. तुम्ही गे आहात हा आता गुन्हा नाही, त्यामुळे तक्रार करताना तुम्ही कशाची कबुली देत नसता. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली की एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ सालीच सांगून ठेवलंय. हद्द आमची नाही हे कारणही चालत नाही, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो. पैसे यूपीआयने गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. पूर्वी खंडणी रोखीत जायची आणि तिचा माग राहत नसे. यूपीआयवर घेतलेली खंडणी म्हणजे चोराने स्वतःच्या सहीने दिलेली पावती आहे. ती फाडून टाकू नका.

पण तुम्ही तक्रार करत नाही. ते चोर पुढच्याकडे जातात, आणि तो पुढचा बहुधा आपल्यापेक्षा गरीब असतो. त्याच्या खात्यात पन्नास हजार नसतात, म्हणून त्याचा फोन नेतात. फोन म्हणजे त्याची नोकरी. वकील तुमच्याकडे आहे. तुम्ही तक्रार नोंदवलीत तर त्याची वाट थोडी सोपी होते. उलट तुम्ही काय करता, तर प्रोफाइलवर लिहिता: 'फक्त वेल सेटल्ड, इंग्लिश स्पीकिंग.' चार गुंडांचा राग गावाकडून आलेल्या प्रत्येक पोरावर निघतो.

जाता जाता आणखी एक सांगतो. १ जुलै २०२४ ला नवी संहिता आली तेव्हा ३७७ संपूर्ण गेलं, आणि त्याबरोबर प्रौढ पुरुषावर झालेल्या बलात्काराचं एकमेव कलमही गेलं. बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरतीच राहिली. तेव्हा पार्टीत शुद्धीवर नसलेल्या मुलाबरोबर जे केलं जातं, त्याला आजच्या घडीला मारहाण किंवा दुखापत यासारखी तोकडी कलमं लागतात. कायद्यात ही भगदाडं आहेत म्हणून तुम्ही त्यातून आत शिरू नका.

आता माझ्या प्रांतातली गोष्ट, आणि मला सगळ्यात जास्त सतावणारी. कोथरूडला दोघे राहत होते. दीड दशक. मोठा चांगल्या पगाराचा, फ्लॅट त्याच्या नावावर. धाकटा खासगी क्लासमध्ये शिकवायचा. धाकटा दर महिन्याला हप्त्यातला आपला वाटा मोठ्याच्या खात्यात टाकायचा आणि मोठ्याच्या सांगण्यावरून शेऱ्यात लिहायचा: 'रूम रेंट'. कोणी पाहिलं तर बरं दिसावं म्हणून. मोठा हृदयविकाराने अचानक गेला. मृत्युपत्र नव्हतं. आई-वडील आधीच गेलेले, त्यामुळे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे सगळं भावाकडे. भाऊ वाईट माणूस नव्हता. तेराव्यानंतर त्याने हात जोडून विचारलं, "भाडेकरार कधी संपतोय तुमचा?" धाकट्याने वर्षानुवर्षांची स्टेटमेंट माझ्या टेबलावर ठेवली. पानापानावर, त्याच्याच हाताने टाईप केलेलं: रूम रेंट, रूम रेंट, रूम रेंट. घराच्या हप्त्याचा निम्मा भार उचललेला माणूस कागदावर भाडेकरू होता, आणि त्याला भाडेकरू ठरवणारा पुरावा दर महिन्याला त्याने स्वतःच तयार केला होता. लोकांना कळू नये हा खर्च दोघांचा होता. भरला एकट्याने.

"सोसायटीत नॉमिनी लावलाय" असं म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनीही ऐकावं. 'कालनिर्णय'च्या जयंतराव साळगावकरांच्या मालमत्तेवरून झालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की शेअर्सचा नॉमिनी हा मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. ज्यांच्या भिंतीवर वर्षभर ते कॅलेंडर असतं, त्यांनी एवढं तरी त्यातून घ्यावं. लग्नाचा हक्क न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारला, पण २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयाने बँकांबाबत खुलासा केला: समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला कोणतीही आडकाठी नाही. शाखेतला माणूस कां-कू करू लागला तर ते पत्रक छापून न्या. संयुक्त खात्यातून हप्ता गेला तर निदान 'रूम रेंट' लिहायची वेळ येणार नाही.

कराचं एक सांगून ठेवतो, कारण ते सांगायचे मी पैसे घेतो आणि आज फुकट देतोय. जोडीदाराला तुम्ही वर्षात पन्नास हजारांवर भेट दिलीत, तर ती सगळी रक्कम त्याचं उत्पन्न धरून त्याला कर लागू शकतो, कारण आयकर खात्याच्या दृष्टीने तुम्ही एकमेकांचे कोणी नाही. नवरा-बायकोला हा नियम नाही. २०२५ मध्ये एका गे जोडप्याने हाच भेदभाव मुंबई उच्च न्यायालयात नेला. पण मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर हा कर नाही. म्हणजे जिवंतपणी प्रेमाने दिलेल्यावर कर, मेल्यावर दिलेल्यावर माफी. कायदा हसण्यासारखा आहे, पण त्यातून निघणारा सल्ला सरळ आहे: मृत्युपत्र करा.

आणि ते करताना लाजू नका. "एवढ्यात कुठे मरतोय" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते ऐकलं की मी टेबलावरचा कोरा कागद पुढे सरकवतो. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी करावी, कारण भाऊ कोर्टात गेला तर उपयोगी पडते. डॉक्टरांचा मनःस्थिती ठीक असल्याचा दाखला जोडावा. दोन साक्षीदार लागतात, शक्यतो तुमच्याहून लहान वयाचे. ओळखीतल्यांना बोलवायला संकोच वाटत असेल तर माझ्या ऑफिसखालचा झेरॉक्सवाला आणि त्याच्या शेजारचा चहावाला या कामात आता तरबेज झालेत. साक्षीदाराने फक्त तुमची सही बघून स्वतःची सही करायची असते, आतला मजकूर वाचायचा नसतो, आणि त्या दोघांनी आजवर कधी वाचलेला नाही. येताना तुम्हा दोघांची आधार कार्डं आणा.

तुमचाच,
सदाशिव पेठेतला एक कर सल्लागार